मोरीमागचा टोमॅटो

"आधी सांग, काल भांड्यांचं पाणी कुठं ओतलंस?"

हातात दुधाचं पातेलं, गॅसवरचा चहा उतू जायच्या बेतात, आणि आमचे हे मागच्या दारात उभे राहून मला हा प्रश्न विचारत होते. चेहरा असा, की मी कुणाचा तरी गळाच दाबलाय.

"मोरीत ओतलं. भांड्यांचं पाणी माणूस मोरीतच ओततो."

"वाफ्यात नाही ना ओतलंस?"

"नाही हो ओतलं!"

"मग पानं अशी का झाली?"

"पानांना विचारा की. मी काय आत बसलेय त्यांच्या?"

तेवढ्यात चहा उतू गेलाच. शेगडी पुसता पुसता मी मनातल्या मनात त्या टोमॅटोच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. उठलं की टोमॅटो, झोपताना टोमॅटो. पाहुणा आला की त्याला आधी मागे नेऊन टोमॅटो दाखवायचे, मग पाणी विचारायचं. ताटात मात्र सोमवारच्या बाजारातनं आणलेले. घरच्या झाडाला धड एक फळ धरेल तर शपथ. एक-दोन धरली, तीही कापली तर आत तपकिरी, लाकडासारखी.

झाडं तरी कशी? पानावर कुठं हिरवा, कुठं पिवळट डाग, जुन्या भिंतीचा रंग उडतो ना, तसे. मध्येच फुगवटे. शेंडे आकसून बारीक दोरीसारखे झालेले. आणि ते बघत हे सकाळ-संध्याकाळ वाफ्यात उकिडवे बसलेले. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे, उठताना मलाच हाक.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, दहा रुपयांची रोपं, उपटून टाकायची. तेच तर करता येत नव्हतं.

हे साखर कारखान्यात फिटर होते. उभा जन्म तंबाखू खाल्ली. लग्नात सप्तपदीच्या वेळीसुद्धा गालात होती, हे मला नंतर कळलं. मी भांडले, रुसले, माहेरी जाऊन बसले, पुड्या चुलीत घातल्या, काही उपयोग झाला नाही. निवृत्त झाल्यावर आम्ही तासगावात घर बांधलं आणि वर्षभरातच ह्यांच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा दिसला. सांगलीच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि सरळ सांगितलं, "काका, खिशातली पुडी आत्ता, माझ्यासमोर त्या टोपलीत टाकायची. नाहीतर पुढच्या खेपेला आपण गाल कापायचं बोलू."

ह्यांनी पुडी टाकली. चुन्याची डबीही टाकली. मी बाहेरच्या बाकावर बसून पदर तोंडाशी धरून रडले.

जाताना डॉक्टर म्हणाले, "हात रिकामे ठेवू नका. तंबाखूची आठवण आधी हाताला येते, मग तोंडाला." म्हणून टोमॅटो. ह्यांनी मागची जागा खणली, सुतळी लावून ओळ सरळ केली, माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या करून रोपं काठ्यांना बांधली. सकाळी फिरून आले की थेट वाफ्यात. टोमॅटोच्या पानाच्या बगलेत नको ते फुटवे येतात, ते खुडावे लागतात. हे अंगठा आणि बोटात धरून टचकन खुडायचे. एक झाड झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं.

मला त्या वाफ्यात टोमॅटो दिसतच नव्हते. मला ह्यांचा गाल दिसायचा. झाडं वाढतायत म्हणजे तंबाखू सुटलीय, एवढाच माझा हिशोब. त्यामुळं पानं आकसायला लागली, तशी माझीही झोप उडाली. ह्यांचा विरस झाला, हात पुन्हा रिकामे झाले, तर?

आणि तासगावात सल्ल्याला काय तोटा. प्रत्येक माणूस द्राक्षाचा डॉक्टर. शेजारचे पारिसाअण्णा मगदूम कुंपणावरून वाकून बघायचे आणि म्हणायचे, "डाऊनी आहे हा, बुरशी. मोरचूद-चुना मारा."

"अण्णा, हा टोमॅटो आहे, द्राक्ष नाही."

"पान ते पान, वहिनी."

मारला मोरचूद-चुना. भिंत निळी झाली, वाळत घातलेली माझी पांढरी साडी निळी झाली, झाडं होती तशीच. मग औषधांच्या दुकानदारानं सांगितलं, पांढरी माशी. त्याचे पिवळे चिकट कागद लावले. त्यांना माशी किती चिकटली माहीत नाही, माझा पदर मात्र दोनदा चिकटला. मग कुणीतरी सांगितलं, आंबट ताक फवारा. मी विरजण लावायचं आणि ह्यांनी ते झाडांना पाजायचं. जेवताना ताक मागितलं की मी म्हणायचे, वाफ्यात जाऊन बसा, तिथं मिळेल. शेवटी पारिसाअण्णांच्या बायकोनं काळी बाहुली आणून बांबूला टांगली. रात्री मागं जायचं म्हटलं की तीच मला भिववायची.

"नजर लागायला आहे काय त्यात?" मी म्हटलं. "रडकी झाडं नुसती."

"तू आधी वाईट बोलणं बंद कर," हे म्हणाले. "झाडांना कळतं."

मी तर हात टेकले.

बरं, त्या सगळ्यात चीड आणणारी गोष्ट वेगळीच. न्हाणीघराच्या मागं मोरीचं पाणी जातं, तिथं एक टोमॅटो आपोआप उगवला होता. मी कधीतरी नासका टोमॅटो भिरकावला असेल, त्याचा. त्याला ना काठी, ना खत, ना ताक, ना बाहुली. तो आपला जमिनीवर अस्ताव्यस्त पसरलेला, हिरवागार, फळांनी लगडलेला. ह्यांना तो डोळ्यांसमोर नको असायचा.

"जंगली आहे तो."

"असू दे जंगली. कालची कोशिंबीर त्याचीच होती."

"म्हणून आंबट लागली," म्हणाले आणि उठून गेले.

संक्रांतीला माझ्या बहिणीची मुलगी, विभा, आली. कृषी महाविद्यालयात शिकवते. आली ती तिळगूळ द्यायला, पण चपला काढायच्या आधी मी तिला मागच्या दारी नेली. हे फिरायला गेले होते.

"बघ बाई एकदाचं. नाहीतर हा माणूस ह्या टोमॅटोपायी वेडा होईल आणि मग मी."

विभानं पानं उलटून बघितली, शेंडा बघितला, एक फळ चिरून बघितलं. मग मोरीमागं गेली. तिथलीही पानं उलटून बघितली.

"मावशी, ह्या झाडाचे फुटवे कोण खुडतं?"

"ह्याचे? कुणी नाही. ह्याला तुझे काका हातसुद्धा लावत नाहीत. खालच्या जातीचा असल्यासारखं वागवतात बिचाऱ्याला."

"आणि वाफ्यातली?"

"ती तेच खुडतात. रोज. दुसऱ्याला शिवू देत नाहीत."

"मोझॅक आहे," विभा म्हणाली. "विषाणू. ह्याला औषध नाही. उपटून जाळून टाका."

"पण आला कुठनं?"

"बियाण्यातून येऊ शकतो. पण बऱ्याचदा हातातून येतो. तंबाखूच्या पानात हा रोग असतो. तंबाखू मळलेल्या हातानं फुटवा खुडला की जखमेतून झाडात शिरतो. मग त्याच हातानं पुढचं झाड, त्याच्या पुढचं. म्हणून ओळीतली सगळी गेली आणि ज्याला कुणी शिवलं नाही ते राहिलं." मग तिनं सहज विचारलं, "घरात कुणी तंबाखू खातं का?"

"छे!" मी म्हटलं. "काकांनी सोडली. दिवाळीच्या आधीच."

आणि म्हणता म्हणता ह्यांचा तो खुडणारा अंगठा डोळ्यांसमोर आला. मी तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसले. विभा काय समजायचं ते समजली. "मावशी, मी आपलं विचारलं फक्त," असं काहीतरी पुटपुटली.

फाटक वाजलं. हे आले. नेहमीसारखे थेट वाफ्याकडं. मी आडवी उभी राहिले.

"हात दाखवा."

"अगं, विभा आलीय वाटतं! तिळगूळ देतेस?"

"हात दाखवा म्हणते ना!"

ह्यांनी हात पुढं केला आणि लगेच मागं घ्यायला लागले. मी मनगट धरलं. अंगठा नाकाशी नेला. इतक्या वर्षांचा संसार, तो वास मला झोपेतसुद्धा ओळखू येतो. आणि अंगठ्याच्या नखात चुना. पांढरा, ओला.

विभा कधी आत गेली, मला कळलंच नाही.

"मी खाल्ली नाही," हे म्हणाले.

"मग काय कपाळाला लावली?"

"खरंच खाल्ली नाही."

"मग हा वास कसला? चुना कसला? भिंत रंगवून आलात कुणाची?"

ह्यांनी मान खाली घातली. खोटं बोलणारा माणूस काहीतरी बोलतो तरी. हे काहीच बोलेनात, त्यानं माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी वेडी! मी इथं पानांना ताक पाजतेय, बाहुल्या टांगतेय! आणि तुम्ही रोज सकाळी बाहेर जाऊन तोंडात विष भरताय आणि तेच हात आणून झाडांना लावताय! तुम्हाला गाल कापून घ्यायचाय ना? घ्या! मी नाही येणार त्या दवाखान्यात. मी नाही भरवणार नळीनं. मला नाही बघवणार ते!"

एवढं बोलून मी वाफ्यात शिरले आणि पहिलं झाड काठीसकट उपटलं. मग दुसरं. चिंध्या, काठ्या, पिवळे कागद, ती काळी बाहुली, सगळं ओढून काढलं. पारिसाअण्णा कुंपणाशी आले आणि माझा अवतार बघून परत फिरले. हे तसेच उभे. मी मोरीकडं वळले तेव्हा मात्र हळूच म्हणाले, "ते राहू दे. त्याला माझा हात नाही लागलेला."

त्या वाक्यानं मला एवढं रडू आलं की मी आत जाऊन दार लावून घेतलं.

दवाखान्यात येणार नाही असं मी म्हणाले होते, पण त्याच दिवशी मीच ह्यांना हाताला धरून सांगलीच्या गाडीत बसवलं. तपासणी पुढच्या महिन्यात होती. मी म्हटलं, जे व्हायचं ते आजच होऊ दे.  विभा बिचारी तिळगुळाचा डबा तसाच ठेवून गेली.

डॉक्टरांनी बॅटरी मारली. गाल ओढून बघितला, आतून बोट फिरवलं. 

"छान," डॉक्टर म्हणाले. "चट्टा बराच पुसट झालाय. काका, तुम्ही खरंच मनावर घेतलंत."

"नीट बघा, डॉक्टर," मी म्हटलं.

"नीटच बघितलं, काकू."

"दुसऱ्या बाजूचा बघा. तिकडं ठेवत असतील."

डॉक्टरांनी दुसरी बाजू बघितली. जिभेखाली बघितलं. "काकू, तंबाखू चालू असती तर हा चट्टा असा मावळला नसता. तुम्हाला आनंद नाही का झाला?"

झाला होता हो! इतका झाला होता की डॉक्टरांच्या पाया पडावंसं वाटत होतं. पण त्याच्याखाली राग तसाच धुमसत होता, त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. स्टँडवर आल्यावर मी म्हटलं, "खाल्ली नाहीत. मग नखातला चुना आकाशातनं पडला?"

"उद्या सकाळी माझ्याबरोबर चल," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं फिरायला निघालो. हे पुढं, मी मागं. मैदानाकडं न जाता हे दत्ताच्या देवळाच्या बाजूच्या गल्लीत वळले आणि गुरुपादभावजींच्या घरात शिरले. गुरुपाद ह्यांचे कारखान्यातले जोडीदार. पावसाळ्यात त्यांना लकवा झाला होता. डावा हात आणि डावा पाय गेला, बोलणं जड झालं. बायको, पार्वती, आधीच वारलेली. आम्ही भेटून आलो होतो, पण त्यालाही बरेच दिवस झाले होते. हे रोज जातात, हे मला ठाऊकच नव्हतं.

भावजी पुढच्या खोलीत कॉटवर बसलेले. मला बघून दचकले आणि उशीखाली काहीतरी सरकवायला लागले.

"राहू दे, गुरुपाद," हे म्हणाले. "तिला कळलंय."

ह्यांनी उशीखालची पुडी काढली. तळहातावर तंबाखू घेतली, नखानं चुना काढला, अंगठ्यानं मळायला लागले. मळली, थापटली, फुंकर मारली. चिमूट करून भावजींच्या उजव्या हातात दिली. त्यांनी ती ओठाखाली ठेवली आणि डोळे मिटले. चेहरा एकदम सैल झाला.

"ही... एका हातानं... होत नाही, वहिनी," ते म्हणाले.

 तंबाखू मळायला दोन हात लागतात, हे मला आयुष्यात कधी सुचलं नव्हतं.

"पोरगा पुडी आणून देतो, पण मळून देत नाही," हे म्हणाले. "सून वासानंच लांब पळते. आठ दिवस हा पुडी हातात धरून बसायचा. नुसती हातात."

"मग सोडायची की!" मी म्हटलं. "तुम्ही सोडलीत ना? भावजींना कशाला विष भरवताय?"

"म्हटलं मी. तो म्हणाला, हात गेला, पाय गेला, पार्वती गेली, आता हे एवढं राहू दे." मग जरा थांबून हे म्हणाले, "कारखान्यात माझे हात सदा ग्रीसनं भरलेले असायचे. हाच मळायचा. मी नुसतं तोंड उघडायचो."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू येऊ दिलं असतंस?"

नसतंच येऊ दिलं. 

ह्यांच्या तळहातावर थोडी उरली होती. भावजींना दिल्यावर उरते तेवढी, एका माणसाची. हे त्या तंबाखूकडं बघत होते. मी बघतेय हेसुद्धा विसरले होते. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. मग ह्यांनी हात खिडकीबाहेर काढून झटकला, लेंग्याला पुसला आणि म्हणाले, "चल, निघू."

रोज. दिवाळीपासून रोज ह्या माणसानं ती तळहातावर घेतली होती, मळली होती, तिचा वास घेतला होता आणि झटकून टाकली होती. आणि मग घरी येऊन फुटवे खुडले होते.

 आजपर्यंत झटकली. उद्या? एखाद्या दिवशी माझ्याशी भांडण झालं असेल, गुडघा दुखत असेल, त्या दिवशी?

"थांबा," मी म्हटलं. "ती पुडी आणा इकडं."

"अगं, टाकू नकोस, त्याची आहे."

"टाकत नाही. भावजी, कसं मळायचं ते सांगा मला. उद्यापासून मी येणार. तुम्ही," मी ह्यांच्याकडं वळले, "तुम्ही ह्या घरात चहा प्या, गप्पा मारा, काय वाटेल ते करा. पण ह्या पुडीला पुन्हा हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे."

हे माझ्याकडं बघतच राहिले. भावजी हसायला लागले. तोंड एका बाजूला ओढलेलं, त्यामुळं हसले की रडले ते नीट कळलं नाही.

पहिले काही दिवस मला ओकारी यायची. चुना जास्त व्हायचा, भावजींचा ओठ भाजायचा, ते ओरडायचे. मग जमलं. आणि हळूहळू मी चिमूट लहान करत गेले. आज एवढी, पुढच्या आठवड्यात त्याहून थोडी कमी. त्यांच्या लक्षात येत होतं. माझ्याकडं बघायचे आणि ती ओठाखाली ठेवायचे. पुढं चार वर्षं ते होते. शेवटी शेवटी मी नखावर मावेल एवढीच देत होते. तेवढ्यानं त्यांचं भागायचं.

ह्यांचा गाल आजही धड आहे. कुरडया कडाकडा चावतात आणि माझं डोकं उठवतात.

पण सांगायचं ते राहिलंच. पुढच्या हंगामात ह्यांनी मोरीमागच्या त्या टोमॅटोचं बी धरून नवी रोपं केली. झाडं कशी आली म्हणून सांगू! कुंपणावरून पारिसाअण्णा रोज बघायचे, म्हणायचे, मोरचूद मारलात वाटतं. एकदा सकाळी मी भावजींकडून परत आले. कोशिंबिरीला टोमॅटो हवा होता म्हणून फाटकातून तशीच वाफ्यात गेले आणि हात पुढं केला.

"ए! हात लावू नकोस!" हे न्हाणीघरातून अंगावर पंचा गुंडाळून ओरडत आले. "झाडाला शिवायचं नाही! आधी साबणानं हात धू!"

पारिसाअण्णा कुंपणाशीच उभे. "काय झालं हो?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, अण्णा," हे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "आमच्या हिचे हात तंबाखूचे आहेत."

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, की मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बोलणार काय, कप्पाळ? होतेच तंबाखूचे. मी मुकाट्यानं नळाकडं गेले आणि हात धुतले.